ओळ संपेपर्यंत थांबणारा माउथ ऑर्गन

जॉर्ज जोन्सच्या 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' या १९८० सालच्या गाण्यातला माणूस एका बाईवर मरेपर्यंत प्रेम करत राहतो. लोकांच्या लक्षात राहतो तो जोन्सचा आवाज आणि पुढे चढत जाणारी व्हायोलिनं. पण सुरुवातीच्या कडव्यांत त्या आवाजामागे एक माउथ ऑर्गनही आहे. तो गायकाच्या शब्दावर कधी पडत नाही. गायकानं श्वास घेतला की दोन-चार सूर येतात आणि पुढचा शब्द यायच्या आत विरून जातात. तो वाजवणारा चार्ली मॅकॉय. अमेरिकेतल्या कंट्री संगीतात माउथ ऑर्गनची साथ कशी असावी, हे नॅशव्हिल शहरात ज्यानं घालून दिलं तो हाच.

त्याच्या आधी या वाद्याला तिथे मान नव्हता असं नाही. 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाच्या पहिल्या मोठ्या कलावंतांपैकी एक डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय माउथ ऑर्गनवादकच होता. पण बेली एकटा वाजवी आणि आगगाडी हुबेहूब उभी करी. दुसऱ्याच्या गाण्यात शिरून त्या गाण्याचं होऊन राहणं हे काम वेगळं आहे, आणि माझ्या मते अधिक अवघड.

अवघड का, ते वाद्यातच आहे. दहा छिद्रं, वीस पितळी रीड, हातात मावेल एवढं. आपल्या पेटीचं आणि याचं तत्त्व एकच: हवेनं थरथरणारी धातूची पट्टी. फरक असा की इथे भाता म्हणजे वाजवणाऱ्याची छाती. त्यामुळे सूर श्वासासारखा हलतो, रडतो, वाकतो. हे गुण माणसाच्या गळ्याचे आहेत, आणि म्हणूनच हे वाद्य गायकाशी पटकन भांडायला उठतं. गिटार गायकाच्या खाली राहू शकते, ड्रम बाजूला राहू शकतात. माउथ ऑर्गन मात्र बहुतेक वेळा गायकाच्याच पट्टीत, त्याच्याच जागेवर येऊन उभा राहतो. एकाच वेळी दोघं बोलू लागले की श्रोत्याला एकाचंही धड ऐकू येत नाही. अप्पा जळगावकरांची किंवा तुळशीदास बोरकरांची पेटी ऐकलेल्या कानांना हे वेगळं सांगायला नको. गवई आलाप घेत असताना सूर धरून मागे राहायचं आणि त्यानं जागा सोडली की तिथेच उत्तर द्यायचं, ही शिस्त आपल्याकडेही मुरलेली आहे.

मॅकॉयचा जन्म १९४१ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या ओक हिलचा. पहिला माउथ ऑर्गन त्यानं आठव्या वर्षी कॉमिकमधली जाहिरात पाहून मागवला होता. १९६० च्या सुमाराला तो नॅशव्हिलला आला आणि १९६१ मध्ये रॉय ऑर्बिसनच्या 'कँडी मॅन'वर वाजवल्यानंतर त्याला बोलावणी येऊ लागली. पुढे भरभराटीच्या काळात वर्षाला चारशेवर रेकॉर्डिंग सेशन त्याच्या वाट्याला येत. गिटारवादक ग्रेडी मार्टिननं सुरुवातीलाच दिलेली एक समज तो मुलाखतींमधून सांगत आला आहे: गायकाचा प्रत्येक शब्द तुला कळत नसेल, तर एकतर तू मोठ्यानं वाजवतो आहेस, नाहीतर जास्त वाजवतो आहेस. नॅशव्हिलच्या साथीचा अर्धा अभ्यासक्रम या एका वाक्यात येतो.

उरलेला अर्धा स्टुडिओत दिसतो. तिथलं सेशन तीन तासांचं, आणि तेवढ्यात तीन-चार गाणी पुरी व्हायची. लिहिलेलं नोटेशन नसे. गाणं एकदा ऐकायचं आणि कागदावर नुसते आकडे मांडायचे: १, ४, ५, पुन्हा १. स्वरांच्या नावांऐवजी आकडे वापरायची ही पद्धत जॉर्डनेअर्स या गायकसमूहातल्या नील मॅथ्यूजनं काढली आणि ती वादकांमध्ये पसरवण्यात मॅकॉयचा मोठा हात होता. सा कुठेही धरा, सरगम तीच राहते, तसंच हे. गायक म्हणाला 'आज घसा बसलाय, पट्टी उतरवा', तर कागद तोच ठेवून माउथ ऑर्गनवाल्यानं फक्त दुसऱ्या पट्टीचं वाद्य उचलायचं. मग वाटणी होई: पहिल्या कडव्यातल्या मोकळ्या जागा स्टील गिटारच्या, दुसऱ्यातल्या माउथ ऑर्गनच्या. आपली पाळी नसेल तेव्हा वाद्य तोंडाला लावायचंच नाही.

एक बारकावा जवळून पाहण्यासारखा आहे. जी पट्टीतल्या गाण्यासाठी वादक बहुतेक वेळा सी पट्टीचा माउथ ऑर्गन घेतो, कारण मग महत्त्वाचे सूर श्वास आत ओढून वाजतात आणि ओढलेला सूर वाकवता येतो. मात्र या मांडणीत पाचव्या छिद्रातला ओढायचा सूर कोमल निषाद येतो. ब्लूजला तो हवाच असतो. कंट्रीतल्या सरळ, गोड चालींना तो खुपतो. म्हणून ती एक रीड टोकाशी अगदी हलकी खरवडून अर्ध्या सुरानं चढवतात आणि शुद्ध निषाद मिळवतात. या 'कंट्री ट्यूनिंग'शी मॅकॉयचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. त्याचा सूर इतका स्वच्छ का वाटतो, याचं एक उत्तर त्या खरवडलेल्या रीडमध्ये आहे.

त्याला वेग जमत नव्हता म्हणून तो कमी वाजवी, असं कुणी समजू नये. 'ऑरेंज ब्लॉसम स्पेशल' ही फिडलवाल्यांचा घाम काढणारी चीज त्यानं माउथ ऑर्गनवर वाजवली आहे, आणि ती ऐकताना तोंडात बोट जातं. ती तयारी खिशात ठेवून तो जोन्सच्या मागे उभा राहिला.

दुसरा माउथ ऑर्गनवादक मिकी राफेल, त्याचा पिंड वेगळा. डॅलसचा हा मुलगा १९७३ मध्ये गायक विली नेल्सनकडे आला, तोही सुरुवातीला फुकट. विलीनं ड्रमर पॉल इंग्लिशला विचारलं, याला आपण काय देतो? काहीच नाही, असं कळल्यावर विली म्हणाला, मग दुप्पट करा. हा किस्सा स्वतः राफेलच सांगतो. विलीची साथ करणं म्हणजे कसोटी, कारण तो तालाच्या मागे-पुढे, गप्पा मारल्यासारखा गातो. ओळ कुठे संपेल याचा आधी अंदाज बांधून ठेवला की फसलात. राफेल अंदाज बांधत नाही, थांबतो. विलीच्या १९७५ च्या 'रेड हेडेड स्ट्रेंजर' या अल्बममध्ये वाद्यं इतकी थोडी आहेत की रेकॉर्ड कंपनीतल्या लोकांना तो कच्चा नमुना वाटला होता. त्या रिकाम्या जागेत माउथ ऑर्गन नुसता लांब सूर धरतो आणि मैलोन्‌मैल पसरलेलं माळरान उभं राहतं.

राफेलची वृत्ती सर्वांत जास्त कळते ती मात्र २००९ च्या 'नेकेड विली' या अल्बममधून. विलीच्या १९६० च्या दशकातल्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे व्हायोलिनं आणि कोरस चढवलेले होते. राफेलनं मूळ टेप घेऊन ते उतरवले आणि विलीचा आवाज मोकळा केला. काय काढायचं हे कळणारा निर्माता मी दुसरा पाहिलेला नाही.

आपल्याकडे माउथ ऑर्गन वाजवणारे हौशी पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांचा जीव गाण्याची अख्खी चाल वाजवण्यात असतो. त्यात वावगं काही नाही. पण घरात कुणी गाणारं असेल, तर एक करून पाहा. आधी त्या गाण्याचे शब्द पाठ करा. मग गाणाऱ्याला गाऊ द्या, आणि त्यानं श्वास घेतला की तेवढेच दोन सूर वाजवा.