सिरुसेरीचं पत्र : अक्कांचं जेवण

जुन्या महाबलीपुरम रस्त्याने दक्षिणेकडे येत राहिलं की चेन्नईची हद्द संपल्यावर सिरुसेरी लागतं. सिपकॉटचं आयटी पार्क, टीसीएसचं अवाढव्य कार्यालय आणि त्यांच्या आधाराने उभे राहिलेले उंच मनोरे. या मनोऱ्यांत पुण्या-नागपूरकडची पुष्कळ मराठी बिऱ्हाडं आहेत. नवरा-बायको दोघंही नोकरीवर, घरात तान्हं मूल नाही तर थकलेले आईवडील, त्यामुळे चोवीस तास राहणारी बाई ठेवल्याशिवाय गत्यंतर नसतं. पगार, सुट्टी, झोपायची जागा यांवर आधी बोलणी होतात. जेवणाचा विषय "आमच्यातच जेवतील" एवढ्यावर मिटतो. आणि बाई दोन महिन्यांत गावी जाऊन परत येत नाही, तेव्हा पगाराइतकंच ताटही त्याला कारण असतं, असं मी इथे वारंवार पाहिलं आहे.

आमच्याकडे विलुप्पुरम जिल्ह्यातल्या एक अक्का राहतात. तमिळ जेवण म्हणजे भात, हे आपण ऐकून असतो, पण किती भात याची कल्पना नसते. मराठी घरात पोळीचं जेवण होतं आणि भात शेवटी घासभर, म्हणून चौघांत वाटीभर तांदूळ पुरतो. अक्कांना एकट्यांना दुपारी तेवढा लागतो. पहिला भात सांबारावर, दुसरा रसमवर, शेवटचा ताकावर. तोही उकड्या पोन्नी तांदळाचा. आपल्या आंबेमोहोराचा गिचका भात त्यांना आजाऱ्याचं पथ्य वाटतो. चपाती इथे टिफिनमध्ये मोडते, म्हणजे नाष्ट्यात. रात्री दोन पोळ्या आणि भाजी वाढून आपण निश्चिंत होतो, पण त्यांच्या हिशेबी ते जेवण झालेलंच नसतं. त्यात आमटीत गूळ आणि भाजीत दाण्याचं कूट. तक्रार त्या करणार नाहीत. नुसत्या कमी जेवतील.

सकाळचंही तसंच. रात्रीच्या उरलेल्या भातात पाणी घालून ठेवायचं, सकाळी त्यात मीठ आणि ताक घालून हाताने कालवायचं, तोंडी लावायला सोललेले छोटे कांदे आणि तळलेली ताकातली मिरची. याला पळय सोरु म्हणतात. आपली सांडगी मिरची ज्याला ठाऊक आहे त्याला ही चव परकी वाटू नये. चेन्नईच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयात आतड्यांच्या विकारांवर याचा उपयोग कितपत होतो, याचा अभ्यासही हाती घेतला गेला. पण आमच्या मनोऱ्यातल्या मराठी गृहिणी हे पाहून ओशाळतात. शिळा भात कामाच्या बाईने खाल्ला तर लोक काय म्हणतील, म्हणून तो टाकून देतात आणि समोर पोहे ठेवतात. हेतू चांगलाच असतो, पण तिचा आवडता नाष्टा जातो.

हे राज्य अन्नाच्या बाबतीत वेगळं आहे, ते इथे राहायला आलेल्याने समजून घेतलं पाहिजे. शाळेतलं दुपारचं जेवण कामराजांनी १९५६ मध्ये सुरू केलं, एमजीआर यांनी १९८२ मध्ये ते फार मोठं केलं. २०११ पासून रेशनचा तांदूळ फुकट मिळतो. २०१३ मध्ये जयललितांनी अम्मा उणवगम ही स्वस्त उपाहारगृहं काढली, तिथे एक रुपयाला इडली आणि पाच रुपयांना सांबार-भात. २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही मिळू लागली. अनेक पिढ्या हे पाहत वाढलेल्या माणसाला पोटभर जेवण हा कुणाचा उपकार वाटत नाही. म्हणून भाताच्या पातेल्याकडे बघत "अजून हवाय?" असं विचारलेलं अक्कांसारखीला लागतं.

काही घरं जेवणाऐवजी पैसे देतात. हिशेब सुटसुटीत होतो, पण सिरुसेरीत तो चालत नाही. अम्मा उणवगम महापालिकेच्या हद्दीत, आणि आपण हद्दीबाहेर. मनोऱ्याखालची उपाहारगृहं आयटीवाल्यांच्या खिशाला बेतलेली. रेशनकार्ड गावी, तो तांदूळ गावच्या माणसांना लागतो. मग बाई पैसे घरी पाठवते आणि स्वतः चहा-बिस्किटांवर भागवते. हाँगकाँगमध्ये परदेशी घरकामगारांसाठी हीच सोय नियमात बसवलेली आहे: मालकाने फुकट जेवण द्यायचं, नाही तर महिन्याला किमान १,२३६ हाँगकाँग डॉलर भत्ता. पण तिथे खाली उतरलं की परवडणारी बाजारपेठ असते आणि आठवड्याची सुट्टी कायद्याने मिळते. सिंगापूरच्या मनुष्यबळ मंत्रालयाने तर पुरेसं जेवण कशाला म्हणायचं याचा दिवसभराचा नमुनाच मालकांना दिला आहे. पावाचे काप किती, भाजी किती कप, मांसाचा तुकडा तळहाताएवढा. मला हे फार आवडलं. "घरच्यासारखं" या शब्दाला माप नसतं, कपाला असतं.

आमच्याकडे उकडा तांदूळ, तूरडाळ, चिंच आणि तिळाचं तेल दरमहा अक्कांच्या सांगण्यानुसार वेगळं भरलं जातं. दुपारचा भात आणि रसम त्या आपल्या हाताने करतात, आम्हीही तेच जेवतो. वाढून घेतात त्याच. पळी दुसऱ्याच्या हातात असली की माणूस पोटभर जेवत नाही. वेळेचं आणखी महत्त्वाचं. इथे निम्म्या घरांत रात्री साडेदहापर्यंत अमेरिकेशी कॉल चालतात आणि घरचे जेवल्याशिवाय बाई जेवत नाही. अक्का आठला जेवतात, आमचं कधी का होईना. रविवारी कोवळमची मासळी येते, पुरट्टासी महिन्यात येत नाही, कारण तो महिना त्या आपल्या श्रावणासारखा पाळतात. मासळीचा वास नको म्हणणारी शाकाहारी घरंही आहेत. त्यांनी ते पहिल्या दिवशी स्पष्ट सांगावं, म्हणजे बाईला नाही म्हणायची मोकळीक राहते. ओट्याखाली वेगळी ताटली आणि वेगळा पेला ठेवणाऱ्या घरांना मात्र माझ्याकडे कसलीही सवलत नाही. ज्या राज्यात चहाच्या टपरीवर जातीनुसार ठेवलेल्या दोन वेगळ्या पेल्यांविरुद्ध लोक इतकी वर्षं झगडले, तिथे येऊन आपण तेच सोळाव्या मजल्यावर चालवावं, याची मराठी माणूस म्हणून मला लाज वाटते.

तमिळनाडूने २०१८ मध्ये घरकामाला किमान वेतन ठरवून दिलं, तासाला ३७ रुपयांपासून पुढे, आणि राहून काम करणाऱ्यांना १० टक्के जास्त. घरकामगारांसाठी राज्यात २००७ पासून कल्याण मंडळ आहे. या मंडळाने एक पानी करारनामा काढावा. तांदूळ कोणता, तिन्ही जेवणांच्या वेळा कोणत्या, सुट्टीच्या आणि आजारपणाच्या दिवशी जेवणाचं काय, घरचे गावाला गेले तर कोठाराची किल्ली कुणाकडे, एवढं त्यात लिहिलेलं असावं. तो तमिळमध्ये असावाच, शिवाय ओडिया, बांगला आणि हिंदीतही असावा. या मनोऱ्यांत ओडिशा, बंगाल आणि झारखंडहून आलेल्या मुलीही कामाला आहेत, आणि सांबार-भात त्यांनाही तितकाच परका आहे.