बहुनामी संकेतस्थळ

एकाहून अधिक डोमेन नावांनी उघडणाऱ्या संकेतस्थळास बहुनामी संकेतस्थळ असे म्हणता येईल. डोमेन नाव म्हणजे इंटरनेटवरील एखाद्या स्थानाचे, माणसास लक्षात ठेवता येईल असे अक्षरी नाव. तर संकेतस्थळ म्हणजे सर्व्हर संगणकावर साठविलेला पृष्ठांचा संच. बोलण्यात या दोन्ही गोष्टी एकच मानल्या जातात. परंतु त्या तत्त्वतः भिन्न आहेत. नाव एका संस्थेकडे नोंदविलेले असते व पृष्ठे दुसऱ्याच ठिकाणी असू शकतात. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे केवळ एक नोंद होय आणि एकाच स्थळाकडे नेणाऱ्या अशा कितीही नोंदी करता येतात.

ही कल्पना इंटरनेटपूर्व काळातील आहे. आर्पानेट या अमेरिकन जाळ्यातील सर्व संगणकांची नावे व अंकी पत्ते एकाच यादीत असत. ही यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई व इतर संगणक तिची प्रत उतरवून घेत. तीतही एका पत्त्यापुढे मुख्य नावाबरोबर टोपणनावे देण्याची सोय होती. संगणकांची संख्या वाढली तशी ही एकत्र यादी सांभाळणे अशक्य होत गेले. तेव्हा पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नाव प्रणालीचा आराखडा मांडला. तीत नावांची जबाबदारी श्रेणीबद्ध रीतीने वाटून दिली असून १९८७ मध्ये सुधारलेली तिची मानके आजही पायाभूत आहेत.

या प्रणालीत नाव पत्त्याशी दोन प्रकारे जोडतात. पहिल्या प्रकारच्या नोंदीत नावापुढे थेट अंकी पत्ता असतो. दुसऱ्या प्रकारास उपनाम नोंद म्हणता येईल. तीत ‘हे नाव म्हणजे अमुक दुसरे नाव’ एवढेच सांगितलेले असते. सर्व्हरचा पत्ता बदलल्यास मूळ नावाची एकच नोंद बदलावी लागते, हा उपनामाचा लाभ होय. तथापि उपनाम नोंद असलेल्या नावास दुसरी कोणतीही सर्वसाधारण नोंद ठेवता येत नाही आणि नोंदविलेल्या डोमेनच्या मूळ नावास तर काही नोंदी अनिवार्यच असतात. म्हणून ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ने सुरू होणाऱ्या नावास उपनाम चालते, पण तो उपसर्ग गाळलेल्या मूळ नावास चालत नाही. नवख्या व्यवस्थापकांचा पुष्कळसा वेळ या एका नियमाशी झगडण्यात जातो.

नाव पत्त्यापर्यंत पोहोचले म्हणजे काम संपले असे नाही. एका सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे नांदतात, हे एखाद्या वाड्यातील बिऱ्हाडांसारखे असते. पत्रावर केवळ वाड्याचा पत्ता असेल, तर ते कोणाचे हे टपालवाल्यास कळत नाही. वेबच्या आरंभीच्या वर्षांत असेच होत असे. ब्राउझर फक्त पृष्ठाचा मार्ग कळवी, नाव कळवीत नसे. परिणामी प्रत्येक संकेतस्थळास बहुधा स्वतंत्र अंकी पत्ता लागे. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ या मानकाने विनंतीत नावाचा उल्लेख सक्तीचा केला आणि एका पत्त्यावर शेकडो स्थळे ठेवणे सुकर झाले. सर्व्हरच्या मांडणीत प्रत्येक स्थळापुढे त्याला लागू असलेली सर्व नावे लिहावी लागतात, ती यामुळेच. डोमेनची नोंद केली, पण सर्व्हरला नवे नाव सांगितलेच नाही, तर पाहुणा भलत्याच बिऱ्हाडात शिरतो. याची दुसरी बाजूही लक्षात घेण्याजोगी आहे. कोणीही आपले नाव दुसऱ्याच्या पत्त्याकडे वळवू शकतो. त्यासाठी सर्व्हरच्या मालकाची संमती लागत नाही. म्हणून अनोळखी नावाने आलेली विनंती नाकारण्याची व्यवस्था असावी.

सांकेतिक (सुरक्षित) जोडणीत हाच प्रश्न पुन्हा उद्‌भवला. नावाची खात्री पटविणारे प्रमाणपत्र सर्व्हरने संवादाच्या आधी दाखवावयाचे असते. पण कोणत्या नावाचे, हे त्यास अद्याप कळलेले नसते. जोडणीच्या आरंभीच नाव कळविण्याची तरतूद २००३ च्या मानकात झाली. शिवाय एकाच प्रमाणपत्रात अनेक नावे नमूद करता येतात. येथे एक चूक वारंवार आढळते : जुन्या नावावरून नव्याकडे वळवावयाचे असले, तरी जुन्या नावाचेही वैध प्रमाणपत्र लागते. ते नसल्यास वळविण्यापूर्वीच ब्राउझर धोक्याची सूचना देतो.

सर्व नावांनी तीच पृष्ठे दाखवावीत, की एक नाव मुख्य मानून इतरांवरून तिकडे वळवावे? बहुतेक प्रसंगी दुसरा मार्गच श्रेयस्कर ठरतो. पहिल्या मार्गात शोधयंत्रांस एकाच मजकुराच्या अनेक प्रती दिसतात व इतरांनी दिलेले दुवे निरनिराळ्या नावांत विभागले जातात. यावर उपाय म्हणून पृष्ठातच मुख्य पत्ता सांगणारी खूण २००९ मध्ये गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी मान्य केली. परंतु त्याहून व्यावहारिक अडचण कुकींची आहे. एका नावाखाली केलेला प्रवेश दुसऱ्या नावाखाली ओळखला जात नाही आणि वापरणाऱ्यास आपण मध्येच बाहेर कसे पडलो, हे उमगत नाही. वळविण्यासाठी कायमचा बदल दर्शविणारा ३०१ व तात्पुरता बदल दर्शविणारा ३०२ हे संकेतांक विशेषेकरून वापरतात. ३०१ चे उत्तर ब्राउझर दीर्घकाळ लक्षात ठेवतो. म्हणून ते देण्यापूर्वी निर्णय पक्का असावा. विकिपीडिया २००१ मध्ये ‘डॉट कॉम’ या नावाने सुरू झाला व २००२ मध्ये ‘डॉट ऑर्ग’ या नावाकडे गेला. जुने नाव टाकून न देता ते नव्याकडे वळविलेले आहे.

भारतीय भाषांमुळे या विषयास वेगळे परिमाण लाभले आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘डॉट भारत’ हे देवनागरी उच्च डोमेन सुरू झाले. मराठी व कोकणी यांसह आठ भाषांसाठी ते होते. रोमन व देवनागरी अशी दोन्ही नावे असलेली संस्था साहजिकच बहुनामी होते. डोमेन नाव प्रणालीत मात्र व्यवहारात रोमन अक्षरे, अंक व संयोगचिन्हच चालतात. त्यामुळे देवनागरी नावाचे ‘प्युनिकोड’ या पद्धतीने रूपांतर होते आणि सर्व्हरच्या मांडणीत सामान्यतः हे रूपांतरित, वाचता न येणारे रूप लिहावे लागते. मराठीच्या ‘ऱ्य’ने येथे खास पेच निर्माण केला. ‘दऱ्या’ हा दरीच्या अनेकवचनाचा शब्द दोन प्रकारे संगणकात लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाने, अथवा साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. २००३ च्या नियमांनुसार ते जोडचिन्ह रूपांतरात गळून पडे आणि दऱ्यांचा ‘दर्या’, म्हणजे समुद्र, होई. २०१० च्या सुधारित नियमांनी हलन्तानंतर ते चिन्ह मान्य केले. नोंदणी करणारी संस्था ते स्वीकारते की नाही, हा निराळा प्रश्न. ‘नागरिक’ व ‘नागरीक’ अशी ऱ्हस्व-दीर्घाची चूकही सर्रास होते. ज्याचे नाव अशा शब्दाने बनले आहे, त्याने चुकीचे रूपही नोंदवून मुख्य नावाकडे वळविणे इष्ट असते.

अशी रूपे इतरांनी नोंदविल्यास काय होते, याचे ठळक उदाहरण मुंबईतील आहे. ‘रेडिफ’ या नावातील इंग्रजी ‘ई’ऐवजी ‘ए’ हे अक्षर घालून दुसऱ्याने डोमेन नाव घेतले असता मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये त्याच्या वापरास मनाई केली व डोमेन नावास व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळावे असे मानले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात हेच तत्त्व स्वीकारले. अर्थात संभाव्य चुका अगणित असतात व प्रत्येक नावास नियमित शुल्क पडते. सर्वच नोंदविण्याचा हव्यास व्यर्थ होय.

नावे वाढली की नूतनीकरण विसरण्याचा धोकाही वाढतो. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे शुल्क भरावयाचे राहिले व त्यावर अवलंबून असलेली हॉटमेलची सेवा अनेकांना मिळेना. अखेर एका त्रयस्थ प्रोग्रामरने स्वतःच्या क्रेडिट कार्डाने ३५ डॉलर भरले. मुदत संपलेले दुय्यम नाव परक्याने घेतल्यास हानी अधिक खोल होते. छापील पत्रके, पावत्या, पाठ्यपुस्तके व इतरांची पृष्ठे यांवर ते नाव तसेच राहते आणि त्यावर विसंबून येणारा वाचक परक्याच्या दारी जातो. त्या नावाने येणारी ई-पत्रेही नव्या मालकास मिळतात. एखाद्या खात्याचा परवलीचा शब्द बदलण्याची सोय जुन्या ई-पत्त्यावरच ठेवलेली असेल, तर ते खातेही त्याच्या हाती जाऊ शकते. म्हणून रुग्णालये, बँका व शासकीय कार्यालये यांनी एकदा प्रसिद्ध केलेले नाव वापरातून काढल्यावरही वर्षानुवर्षे आपल्याकडेच राखणे आवश्यक ठरते.