राखणीच्या कुत्र्याला लस टोचली का?

बैलांना लाळ्या-खुरकुताची लस आपण आठवणीने टोचून घेता. पण रात्रभर खळ्याची राखण करणाऱ्या मोत्याला कधी टोचली, असे विचारले की घरोघर सगळे गप्प होतात. उद्या त्याला एखादे पिसाळलेले कुत्रे चावले, तर पुढचा चावा अंगणातल्या पोराला किंवा गोठ्यातल्या गाईला बसेल. रेबीजची लक्षणे एकदा दिसली, की वाचणे जवळजवळ अशक्य.

म्हणून पिल्लू ३ महिन्यांचे झाले, की गुरांच्या दवाखान्यात न्या. पहिली लस टोचा, पुढची डॉक्टर सांगतील तेव्हा आणि मग दरवर्षी. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्याच खेपेला जंताचे औषधही विचारा.

कुत्रा चावलाच, तर जखमेवर मिरची, चुना, हळद लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटातली १४ इंजेक्शने आता राहिली नाहीत. दंडात मोजकीच घ्यावी लागतात, मात्र एकही चुकवू नका.

येत्या बाजाराला तालुक्याला जाल, तेव्हा मोत्यालाही गाडीत घ्या.