मीटर बंद, हिशेब चालू

व्हाउचरवर मी लाल पेनाने एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. एवढंसं. पण त्या एवढ्याशा चिन्हाने आमच्या एका गुणी मुलीला किती रडवलं, ते मला दीड महिन्याने कळलं. म्हणून मैत्रिणींनो, ही गोष्ट आज तुम्हाला सांगतेय. गोष्ट तशी मोटरसायकलच्या बंद पडलेल्या मीटरची आहे. पण ती नुसत्या मीटरपाशी थांबत नाही.

साताऱ्यात आम्ही आठ-दहा जणी मिळून बचत गटांचं काम करतो. मेढा, केळघर या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर आमचे गट आहेत. संस्था छोटी, पैसा त्याहून छोटा. हिशेब माझ्याकडे. बी.ए.ला मराठी घेतलेल्या बाईकडे हिशेब कसा आला, असं विचारू नका. घर चालवणारीला हिशेब येतोच, अशी सगळ्यांची समजूत!

या गटांवर फिरायला आमची एक कार्यकर्ती आहे. सत्तावीस वर्षांची, चुणचुणीत. भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याची मोटरसायकल दारात उभी होती. ‘गंजून जाण्यापेक्षा मीच चालवते,’ म्हणाली आणि महिन्याभरात शिकलीसुद्धा. सुरुवातीला ती गावात शिरली की पारावरची मंडळी टकामका बघत बसायची. आता गटातल्या बायका लांबूनच गाडीचा आवाज ओळखतात आणि सतरंजी टाकून ठेवतात.

पेट्रोलचे पैसे संस्था किलोमीटरप्रमाणे देते. निघताना मीटरचा आकडा लिहायचा, परतल्यावर लिहायचा, वजाबाकी करायची. तीन वर्षांत एका पैचा वाद नाही. गेल्या जुलैत मात्र व्हाउचरवर ‘अंदाजे’ हा शब्द दिसायला लागला. ‘अंदाजे ३४’, ‘अंदाजे ५२’. मी विचारलं, तर म्हणाली, ‘काकू, पावसात मीटर गेलाय. आकडेच दिसत नाहीत.’ मग दुरुस्त करून घ्यावा की, असं माझ्या मनात आलं. बैठकीत एकीने हळूच टोला मारला, ‘मीटर बंद असला की किलोमीटर वाढतात बरं का!’ रिक्षाचे अनुभव आपल्या सगळ्यांनाच असतात, सगळ्या हसल्या. मीही हसले. आणि पुढच्या व्हाउचरवर लाल प्रश्नचिन्ह काढून मोकळी झाले.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी साडेसातला तिच्या आईचा फोन आला, ‘पोरगी अजून आली नाही.’ बाहेर धो धो पाऊस. फोन लागत नव्हता. नऊ वाजता एका टेंपोतून ती घरी पोचली, नखशिखांत भिजलेली. केळघर घाटात गाडीतलं पेट्रोल संपलं होतं. धुकं, अंधार आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. पाऊण तास ती तिथे एकटी उभी होती.

‘अगं, रिझर्व्हवर नाही का टाकायचीस?’ मी दुसऱ्या दिवशी विचारलं. माझ्या डोळ्यांपुढे वडिलांची बजाज चेतक होती. पेट्रोल संपत आलं की ती आचके द्यायची. वडील सीटखाली हात घालून कॉक फिरवायचे की पंपापर्यंतची बेगमी व्हायची. ती म्हणाली, ‘काकू, आताच्या गाड्यांना तो कॉकच नसतो.’ खरंच आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, कार्ब्युरेटर गेला, पेट्रोल पंपाने दाबून आत सोडणारी इंजेक्शन पद्धत आली आणि तिच्याबरोबर रिझर्व्हचा कॉकही गेला. पेट्रोल किती उरलंय ते सांगणार कोण? तोच मीटर! वेग, किलोमीटर, पेट्रोल, घड्याळ, सगळं एकाच काचेवर. ती काच आंधळी झाली की चालवणाराही आंधळा.

मला चटका बसला. मी त्या मीटरकडे फक्त व्हाउचरच्या बाजूने बघत होते. तो तिच्या जिवाचा प्रश्न होता.

‘मग इतके दिवस दुरुस्त का नाही केलास?’ यावर ती आधी गप्प राहिली. मग कळलं की जुलैतच ती एका सर्व्हिस सेंटरला जाऊन आली होती. ‘आख्खा मीटर बदलावा लागेल, साडेसहा हजार. आणि किलोमीटर शून्यापासून सुरू होतील,’ असं तिथल्या मुलाने गाडीला हात न लावताच सांगितलं. वॉरंटी केव्हाच संपलेली. आम्ही तिला महिन्याला देतो ते मानधन आठ हजार. त्यातले साडेसहा मीटरला घातले तर घरात काय देणार? ‘आणि काकू, जुने किलोमीटर पुसले गेले तर तुम्हाला वाटेल मी मुद्दाम केलं,’ ती खाली बघत म्हणाली. ते लाल प्रश्नचिन्ह तिला झोंबलं होतं.

मी पर्स उचलली आणि म्हटलं, ‘चल.’

पोवई नाक्याच्या पुढे एका गल्लीत आमच्या ओळखीचे मिस्त्री आहेत. त्यांनी आधी एकच गोष्ट केली. किल्ली फिरवली आणि शांतपणे बघत राहिले. ‘ताई, हा हिरवा दिवा लागतोय ना? इंडिकेटरचा बाणही लुकलुकतोय. म्हणजे मीटरपर्यंत करंट येतोय. फ्यूज गेलेला नाही.’ मग त्यांनी मोबाइलची बॅटरी काचेवर तिरकी धरली. का, विचारलं, तर म्हणाले, ‘कधी कधी आकडे असतात, फक्त मागचा उजेड गेलेला असतो. उजेड मारला की दिसतात.’ आमचे आकडे तरीही दिसले नाहीत. मग हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण फिरवून पाहिलं, कारण वळताना वायरी ताणल्या जातात आणि आतून तुटतात. तेही नव्हतं. काचेच्या आत कोपऱ्यात मात्र पाण्याचे दोन थेंब बसले होते. ‘हा बघा चोर!’

मिस्त्री म्हणाले, ‘काकू, मीटर मेलेला नाही, आंधळा झालाय. आतलं डोकं चालू असेल. बहुतेक डोकं आणि काच यांच्यातला सांधा खराब झालाय.’ तो उघडणं त्यांचं काम नव्हतं. त्यांनी आम्हाला टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका भावांकडे पाठवलं. तिथल्या स्टुलावर बसून मी बरंच काही शिकले. मीटरच्या काचेत दोन पातळ काचांमध्ये द्रव स्फटिक नावाचा पदार्थ भरलेला असतो. तो स्वतः उजेड देत नाही. विजेच्या इशाऱ्यावर तो मागून येणारा उजेड अडवतो किंवा सोडतो, त्यातून आकडे उमटतात. घरी येऊन मी लेकाकडून आणखी माहिती काढली, तर गंमत कळली. १८८८ मध्ये फ्रेडरिक रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला असा विचित्र, धड घन नाही धड द्रव नाही असा पदार्थ पहिल्यांदा लक्षात आला, तो गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करताना! गाजराचा हलवा आपण इतकी वर्षं करतोय, पण गाजर असंही कामाला आलं असेल हे कुणाला माहीत?

तर, आमच्या मीटरमध्ये आत शिरलेल्या पाण्याने काच जोडणाऱ्या बारीक पायांवर हिरवट मळ धरला होता. त्यांनी तो साफ केला, दोन-तीन ठिकाणी सोल्डर नव्याने केलं, मीटर वाळवला आणि कडेचं सील बदललं. तीन दिवस गाडी बंद, आमची कार्यकर्ती एसटीने फिरली. बिल झालं सहाशे रुपये. ‘काच स्वतःच गेली असती, तर मात्र बदलण्याला इलाज नव्हता,’ हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

मीटर बसवला, किल्ली फिरवली आणि आकडे उजळले. मी आधी नजर टाकली ती किलोमीटरवर. मीटर जायच्या आधी शेवटच्या व्हाउचरवर आकडा होता २३,४१८. आता समोर होते २४,७७४. म्हणजे मिस्त्री म्हणाले तसंच झालं होतं. दिसत नव्हतं, पण आतलं डोकं गुपचूप मोजत होतं! फरक १,३५६ किलोमीटरचा. तिच्या ‘अंदाजे’ची बेरीज मी पिशवीतल्या कागदावर तिथेच केली. १,२६८.

‘अगं, तू तर ८८ कमी लावलेत!’

‘कमी नाही काकू. त्यात बाजार, दळण, आईला दवाखान्यात नेणं, माझी कामं होती. ती संस्थेला कशी लावणार?’ ती सहज म्हणाली. तिने दर गावाचं अंतर जुन्या व्हाउचरवरून आणि मैलाच्या दगडांवरून वहीत उतरवून ठेवलं होतं आणि त्याचीच बेरीज करत होती. ‘अंदाजे’ लिहिलं, ते मीटर बघून लिहिलं नाही म्हणून. मला बोलायला शब्द सुचेना.

आता घरोघरी मुलामुलींच्या, सुनांच्या गाड्यांना असे मीटर आहेत. म्हणून आम्ही धडपडून शिकलो ते थोडक्यात सांगते. मीटर गेला तर आधी बघा, बाकीचे दिवे, हॉर्न चालू आहेत का. सगळंच बंद असेल तर बॅटरी किंवा फ्यूज. फ्यूज बदलताना जितक्या अँपिअरचा होता तितक्याचाच घाला. तार किंवा चांदी गुंडाळायचा उद्योग नको, वायरी जळतात. स्टार्टर दाबल्यावर मीटर विझून पुन्हा लागत असेल, घड्याळ सारखं मागे जात असेल, तर बहुधा बॅटरी अशक्त झालेली असते किंवा तिच्या टोकाची वायर सैल असते. बाकी सगळं दिसतं, फक्त वेग शून्य दाखवतो? मग दोष बहुतेक मीटरचा नसून चाकाजवळच्या सेन्सरचा किंवा त्याच्या वायरीचा. खेड्यात गाडी गोठ्याशेजारी लावत असाल, तर उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, तेही बघा. काचेवर आतून धुकं धरलं आणि उन्हात गेलं, तर फारसं बिघडत नाही. थेंब दिसले तर मात्र सील गेलंय, लगेच दाखवा. गाडी धुताना जोरदार पाण्याचा फवारा मीटरवर मारू देऊ नका. आणि रोज कडक उन्हात गाडी उभी राहत असेल, तर मीटरवर एखादं जुनं फडकं टाका. उन्हाने काचेवरचा पातळ पापुद्रा खराब होतो आणि आकडे फिकट किंवा काळे पडतात.

वॉरंटी असेल तर मात्र बाहेर उघडू नका, कंपनीच्या केंद्रातच न्या. मीटर बदलावाच लागला, तर जुना किलोमीटरचा आकडा बिलावर लिहून घ्या. गाडी विकताना प्रश्न येत नाही. बंद मीटरने गाडी रेटत राहणंही बरं नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत वेग दाखवणारा मीटर गाडीला असलाच पाहिजे, असं म्हटलंय. दुरुस्तीला दोन दिवस लागणार असतील, तर टाकी भरून निघा आणि अंतरं वहीत लिहा. जाता जाता मोबाइलमध्ये वेग बघत बसू नका.

आणि ‘आख्खाच बदला’ असं कुणी हात न लावता सांगितलं, तर निमूट मान डोलवू नका. नेमकं काय बिघडलंय, तपासलं कसं, जुना भाग परत मिळेल का, हे विचारा. बिल मागा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ यावर समिती नेमली. तिच्या कामात मोबाइल, घरातली उपकरणं, शेतीची अवजारं यांच्याबरोबर वाहनंही होती. त्याचं संकेतस्थळ २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी सुरू झालं. तक्रार करायची झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आपण बायका भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करतो आणि गॅरेजमध्ये गेलो की मुकाट हजारांच्या नोटा काढतो. ‘आपल्याला त्यातलं काय कळतं!’ हे आपणच म्हणतो ना?

पुढच्या बैठकीत मी ते सहाशे रुपये संस्थेच्या खर्चात धरले आणि कार्यकर्तीच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी थोडी रक्कम दरवर्षी बाजूला ठेवायचं ठरवून घेतलं. २३,४१८ आणि २४,७७४ हे आकडे सगळ्यांसमोर वाचून दाखवले. टोला मारणारी मैत्रीण उठून त्या मुलीजवळ जाऊन बसली.

आणि ते लाल प्रश्नचिन्ह? लाल शाई काही पुसली जात नाही. मी त्याच्या शेजारी, त्याच लाल पेनाने, ‘तपासले, बरोबर’ असं लिहिलं आणि खाली सही केली. ती बघत होती. म्हणाली, ‘काकू, तारीख टाका. हिशेब आहे.’