नवा मालक, जुने पेसमेकर

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, सेंट पॉल शहराजवळ आर्डन हिल्स नावाचं उपनगर आहे. तिथल्या पेसमेकरच्या धंद्यात एखादा कामगार सत्तरच्या दशकात चिकटला आणि निवृत्त होईपर्यंत हलला नसता, तर त्याच्या पगारचिठ्ठीवर चार मालक येऊन गेले असते. मेडट्रॉनिक या पेसमेकर कंपनीतून बाहेर पडलेल्या मॅनी विलाफान्या यांनी काही साथीदारांसह १९७२ मध्ये 'कार्डियाक पेसमेकर्स' म्हणजे सीपीआय काढली. लिथियम बॅटरीचे पेसमेकर ही तिची ओळख. १९७८ मध्ये एली लिली या औषध कंपनीने ती घेतली, १९९४ मध्ये लिलीने उपकरणांचा कारभार वेगळा काढून गायडंट उभी केली आणि २००६ मध्ये गायडंट बोस्टन सायंटिफिक या वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीकडे गेली.

हा शेवटचा सौदा भलताच नाट्यमय होता. आधी डिसेंबर २००४ मध्ये गायडंट घ्यायचं ठरवलं होतं जॉन्सन अँड जॉन्सनने, २,५४० कोटी डॉलरना. मग मार्च २००५ मध्ये २१ वर्षांचा एक विद्यार्थी दगावला. त्याच्या छातीत बसवलेलं गायडंटचं डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाची लय बिघडली की विजेचा झटका देऊन ती सावरणारं यंत्र, ऐन वेळी शॉर्टसर्किट झालं होतं. मिनिॲपोलिसमधले डॉ. बॅरी मॅरॉन आणि डॉ. रॉबर्ट हाउझर यांनी हे प्रकरण लावून धरलं. हाउझर एके काळी याच सीपीआयचे प्रमुख होते! चौकशीत निघालं ते असं की दोष कंपनीला ठाऊक होता, २००२ मध्ये उत्पादनात दुरुस्तीही झाली होती, पण डॉक्टरांना कुणी कळवलं नव्हतं. जुना साठाही विकला जात होता.

जॉन्सनने किंमत २,१५० कोटींवर आणली. तेवढ्यात बोस्टन सायंटिफिक मैदानात उतरली आणि चढाओढ करत सुमारे २,७०० कोटींवर सौदा जिंकला. तो पुरा झाला एप्रिल २००६ मध्ये. म्हणजे सोळा महिने गायडंटच्या माणसांना आपण नक्की कुणाचे, हेच कळत नव्हतं. त्यातही स्टेंटचा, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीदार नळीचा विभाग बोस्टनला ठेवता येईना, कारण तिचा स्वतःचा स्टेंटचा धंदा मोठा होता आणि मक्तेदारीचा प्रश्न आला असता. तो विभाग ॲबट या कंपनीकडे गेला. कालपर्यंतचे सहकारी एकमेकांच्या स्पर्धक कंपन्यांत जाऊन बसले.

इतर कारखान्यांत मालक बदलला की नवा साहेब पहिल्याच महिन्यात पुरवठादार बदलतो, एखादी पायरी गाळतो, खर्च वाचवल्याची शाबासकी घेतो. पेसमेकरच्या कारखान्यात हे चालत नाही. कोणत्या लॉटचा माल वापरला, काय तपासलं, कधी तपासलं, याची नोंद त्या-त्या यंत्राच्या क्रमांकासोबत राहते. बनवण्याची मंजूर पद्धत बदलायची तर एफडीए या सरकारी नियंत्रकाला आधी कळवावं लागतं. त्यामुळे विलीनीकरणानंतरचं खरं काम असतं ते कंटाळवाणं: दोन कंपन्यांच्या कार्यपद्धती जुळवायच्या, फॉर्म बदलायचे, माणसांना पुन्हा प्रशिक्षण द्यायचं आणि हे सगळं करताना एकही नोंद गहाळ होऊ द्यायची नाही. बातम्यांत फक्त सौद्याचा आकडा येतो. हे काम कुणाच्या नजरेत येत नाही.

बोस्टनची अवस्थाही धडधाकट नव्हती. गुणवत्ता व्यवस्थेतल्या त्रुटींबद्दल एफडीएने तिला जानेवारी २००६ मध्ये, म्हणजे ऐन सौद्याच्या धामधुमीत, इशारापत्र दिलं होतं. एक घर गळकं, दुसरंही गळकं, आणि दोघांचा संसार एकत्र. कर्जाचा बोजा होता तो वेगळाच. ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनीने जगभरात सुमारे २,३०० जागा कमी करण्याचं जाहीर केलं.

कागद किती महाग पडतो, ते मार्च २०१० मध्ये दिसलं. उत्पादन पद्धतीतल्या काही बदलांची कागदपत्रं एफडीएला सादर व्हायची राहून गेली होती. यंत्रांच्या सुरक्षिततेबद्दल तक्रार नसल्याचं कंपनी सांगत होती, तरीही तिला अमेरिकेतली डिफिब्रिलेटरची विक्री थांबवून माल परत मागवावा लागला. मुख्य मॉडेलं पुन्हा बाजारात यायला महिनाभर गेला. तेवढ्या काळात विक्रीची माणसं डॉक्टरांसमोर काय सांगत असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

२००५ चा हिशेबही संपला नव्हता. एफडीएला वेळेवर आणि नीट माहिती न दिल्याबद्दल सरकारने फौजदारी खटला भरला, तो गायडंटवर. गायडंट आता बोस्टनच्या पोटातली कंपनी होती. तिने गुन्हा कबूल करून २९ कोटी ६० लाख डॉलर भरायची तयारी दाखवली, पण न्यायाधीश डोनोव्हन फ्रँक यांनी २०१० मध्ये ती तडजोड फेटाळली. नुसते पैसे भरून कंपनी सुटते, हे त्यांना पटेना. जानेवारी २०११ मध्ये त्यांनी मंजुरी दिली ती रकमेसोबत तीन वर्षांच्या देखरेखीची अट घालून. ही अट निभावायची होती ती नव्या मालकाच्या पगारावर असलेल्या माणसांना. त्यांतले कित्येक तर २००२ मध्ये या कंपनीत नव्हतेही.