हृदयाचे त्रिमिती चित्र

हृदयावर शस्त्रक्रिया करावयाची म्हणजे बहुधा छातीचे हाड कापून हृदय उघडे करावे लागते. एवढे मोठे काम हाती घेण्यापूर्वी शल्यविशारदाला एका प्रश्नाचे उत्तर हवे असते. हृदयाच्या ज्या भागाला पुरेसे रक्त पोहोचत नाही, तो भाग अजून जिवंत आहे की मृत झाला आहे? जिवंत असेल, तर रक्ताला नवी वाट करून देता येते व तो भाग पुन्हा जोमाने काम करू लागतो. मृत स्नायूला मात्र कितीही रक्त पुरविले, तरी ते व्यर्थच होय. क्ष-किरणांच्या साध्या चित्रात हृदयाची केवळ सावली दिसते. तीवरून हा भेद कळत नाही.

हा भेद दाखविणारे द्रव्य अणुभट्टीच्या साहाय्याने मिळते. मुंबईच्या पूर्वेस, डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये वसलेल्या ट्रॉम्बे येथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. त्या संस्थेला आज भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतात. तेथील संशोधनाचा रुग्णांना लाभ व्हावा, म्हणून १९६३ साली परळ येथे रेडिएशन मेडिसिन सेंटर स्थापन झाले. १९८५ साली ट्रॉम्बेलाच ‘ध्रुव’ ही अधिक मोठी अणुभट्टी कार्यान्वित झाली.

अणुभट्टीत मॉलिब्डेनम या धातूवर न्यूट्रॉन कणांचा मारा केला, की त्याचे किरणोत्सर्गी रूप तयार होते. त्यापासून टेक्नेशियम हे द्रव्य आपोआप निर्माण होत राहते. गवळ्याने रोज गाय दोहावी, तसे ते त्या पात्रातून रोज काढून घेता येते. म्हणूनच तंत्रज्ञ त्या पात्राला विनोदाने ‘गाय’ म्हणतात!

टेक्नेशियमचे तेज दर ६ तासांनी निम्मे होते. आज सकाळी ते सोळा आणे असेल, तर उद्या सकाळी अवघा एक आणा उरेल. हा त्याचा दोष नव्हे, गुणच होय. कारण चित्र घेऊन झाल्यावर ते शरीरात फार काळ रेंगाळत नाही.

हे द्रव्य एका औषधात मिसळून अल्प प्रमाणात शिरेतून टोचतात. रक्ताबरोबर ते हृदयाकडे जाते व जिवंत स्नायूत साठते. तेथून निघणारे गॅमा किरण डोळ्यांना दिसत नाहीत. परंतु रुग्णाच्या छातीभोवती फिरणारा गॅमा कॅमेरा ते टिपतो. निरनिराळ्या बाजूंनी घेतलेल्या या चित्रांवरून संगणक हृदयाचे त्रिमिती चित्र तयार करतो. सुरी न लावता ते चित्र हवे तेथे छेदून आतील भाग पाहता येतो.

अशी चित्रे दोनदा घेतात. एकदा विश्रांतीनंतर व एकदा चालण्याच्या श्रमानंतर. एखादा भाग श्रमानंतर अंधुक, पण विश्रांतीनंतर उजळ दिसला, तर तो जिवंत आहे, त्याला केवळ रक्त कमी पडते, असे समजते. दोन्ही वेळा तो अंधुकच राहिला, तर तेथील स्नायू बहुधा मृत झालेला असतो. मग आणखी तपासण्या करून वैद्य आपला निर्णय घेतात.

अशा रीतीने शस्त्र हाती धरण्यापूर्वीच कोठे उपाय चालेल, हे शल्यविशारदाला उमगते. आणि ज्या रुग्णाला शस्त्रक्रियेचा लाभ होणार नाही, त्याच्या वाट्याचे कष्ट टळतात.