न लागलेल्या वणव्याचा मोबदला

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँडचं खडकाळ पठार आहे. पावसाळा सरला की गवत थोडं थोडं पेटवत जायचं, अशा रीतीनं तिथल्या बिनिंज लोकांनी हा मुलूख पिढ्यान्‌पिढ्या राखला. विसाव्या शतकात माणसं मिशनकडे, शहरांकडे गेली, पठार ओस पडलं आणि ऑगस्टनंतरच्या रखरखाटात वणवे मोकाट सुटू लागले.

मे-जूनमध्ये गवतात ओल असते, रात्री दव पडतं. तेव्हा पठारावर परतलेल्या बिनिंज लोकांमधले रेंजर, म्हणजे मुलखाचे राखणदार, हातातल्या डब्यातून जळतं तेल ठिबकवत चालतात. पायी पोचता येत नाही तिथे हेलिकॉप्टरमधून पेटणाऱ्या गोळ्या टाकतात. ही आग बुटकी असते आणि बहुधा रात्री आपसूक विझते. मागे जळालेले पट्टे राहतात. पुढे वणवा आलाच तर त्याला तिथे जाळायला काही मिळत नाही. आनबिनिक वृक्षांच्या जुन्या राया यानंच वाचतात.

पण हेलिकॉप्टर आणि पगार यांना पैसा लागतो. २००६ मध्ये डार्विनचा नैसर्गिक वायू प्रकल्प तेव्हा चालवणाऱ्या कोनोकोफिलिप्स कंपनीशी करार झाला: १७ वर्षं, दर वर्षी सुमारे १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. बदल्यात सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवर वर्षाला १ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू कमी करायचे.

न लागलेली आग मोजायची कशी? कोणता तुकडा कोणत्या महिन्यात जळाला, हे उपग्रहाच्या चित्रांवरून ठरवतात आणि प्रकल्पाआधीच्या वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात. हिशेबात मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड धरतात. गवत जळून निघालेला कार्बन डायऑक्साइड धरत नाहीत, कारण पुढच्या पावसाळ्यातलं गवत तो परत शोषतं. हा काटेकोरपणा मला फार मोलाचा वाटतो. त्याच्याशिवाय सगळा व्यवहार पोकळ ठरला असता. पुढे सरकारनंही ही पद्धत मान्य केली, आणि आता टनामागे एक कार्बन क्रेडिट मिळतं. अल्फा ही आदिवासींच्याच मालकीची ना-नफा संस्था ही क्रेडिट विकून पैसा रेंजर गटांना पोचवते.

मात्र उशिराचे वणवे भडकले की त्या वर्षीची क्रेडिट घटतात. शिवाय माणसं पठारावर टिकायची तर आगीपलीकडचा खर्चही असतो. म्हणून पठारावरच्या वारडेकन या रेंजर संस्थेचे लोक एका ट्रस्टमार्फत देणग्याही मिळवतात. पठारावरच्या काबुलवार्नाम्यो या वस्तीत मुलांसाठी शाळा निघाली, तीही यातूनच. शाळा नसती, तर पोरांपायी घरं पुन्हा शहराकडे गेली असती आणि जूनमध्ये गवत पेटवायला पठारावर कोणी उरलं नसतं.